एक्सरे क्लिअर होता तरी बाबांच्या आतड्याला माशाच्या काट्याने भोक पडलेलं निघालं, हे असं कसं होतं?

ओंजळ:
नमस्कार. जरा मोठं लिहितेय, आयसीयूच्या बाहेर बसून मोबाईलवर टाईप करतेय, चुका झाल्या तर समजून घ्या. माझे बाबा ६४ वर्षांचे, वरची पूर्ण कवळी आहे, बीपीची एक गोळी सोडली तर बाकी काही त्रास नाही. गेल्या आठवड्यात त्यांच्या पोटात दुखायला लागलं, आधी बेंबीपाशी, मग उजवीकडे खाली. दोन दिवस त्यांनी अंगावर काढलं, आम्हाला सांगितलंच नाही. तिसऱ्या दिवशी ताप आला म्हणून दाखवलं तर रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या, सोनोग्राफीत अपेंडिक्स नीट दिसलं नाही पण त्या भागात सूज आणि थोडं पाणी आहे असं आलं, उभं राहून एक्सरे काढला तो क्लिअर. डॉक्टर म्हणाले अपेंडिक्सच असावं, सलाईन आणि अँटिबायोटिक चालू करून बघू. दुसऱ्या दिवशी पहाटे बीपी घसरलं, पोट लाकडासारखं कडक झालं, मग घाईघाईत सिटीस्कॅन केला आणि त्यात लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ३ सेंमीची एक पांढरी रेघ दिसली. माशाचा काटा. अपेंडिक्स व्यवस्थित होतं.

ऑपरेशन पोट उघडून झालं. आत बराच पू होता. आतड्याचा साधारण १५ सेंमी तुकडा काढला आणि लगेच जोडायच्या ऐवजी दोन्ही टोकं पोटावर बाहेर काढून पिशवी लावलीय. आज चौथा दिवस, बाबा शुद्धीवर आहेत, बोलतात, पण पिशवीकडे बघितलं की तोंड फिरवतात.

मला कोणावर आरोप करायचा नाहीये, फक्त समजून घ्यायचंय. बाबा ठामपणे म्हणतात मी काटा गिळलेलाच नाही, गिळला असता तर घशात टोचला नसता का? आणि आतड्याला भोक पडलं तर एक्सरेत हवा दिसते असं सगळीकडे वाचलंय, मग यांच्या एक्सरेत का नाही दिसली? एवढ्याशा काट्याचं भोक दोन टाक्यांत शिवता आलं नसतं का, १५ सेंमी कापायची काय गरज होती? आणि तुकडा तपासायला पाठवलाय म्हणजे त्यांना कॅन्सरची शंका आहे का, हे विचारायचं माझं धाडसच झालं नाही. कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

रात्रपाळीचा सर्जन:
ताई, आधी एक सांगतो, चौथ्या दिवशी पेशंट शुद्धीवर आहे, बोलतोय, हे खूप चांगलं आहे. पोटात पू आणि बीपी खाली अशा अवस्थेत जे पेशंट ऑपरेशनला येतात त्यांचे पहिले दोन दिवसच सगळ्यात अवघड असतात. मी जनरल सर्जन आहे, तुमच्या बाबांना तपासलेलं नाही, त्यामुळे जे लिहितो ते या प्रकारच्या केसबद्दल आहे असं समजा.

काटा गिळल्याचं न आठवणं हे या आजारात अगदी नेहमीचं आहे. मी आजवर काटे, हाडाचे तुकडे, टूथपिक काढल्या त्यातल्या फार थोड्या लोकांना आधीपासून माहीत होतं. कवळी असेल तर आणखीनच, कारण आपल्याला घासात काही टोचतंय हे टाळूला कळतं आणि वरच्या कवळीने टाळू झाकलेली असते. घशातून एकदा सटकून खाली गेला की जठरात बहुतेक वेळा काही जाणवत नाही. शिवाय गिळणं आणि दुखणं यात दिवस जातात, कधी आठवडे जातात, कधी महिनेसुद्धा. कोणाला आठवणार महिन्यापूर्वीचा घास?

आता भोक कसं पडतं ते सांगतो, कारण तुमच्या एक्सरेच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. लोकांना वाटतं काटा सुईसारखा खच्चकन आरपार जातो. तसं क्वचित होतं. बहुतेक वेळा तो अशा जागी अडकतो जिथे आतडं अरुंद होतं किंवा वळतं, म्हणजे लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं त्याच्या आधीचा भाग, किंवा डाव्या बाजूला मोठ्या आतड्याचं गुदाशयाकडे जाणारं वळण. कधी जठराच्या पुढचं ड्युओडेनमचं वळण. तिथे अडकून तो भिंतीत हळूहळू रुतत जातो, एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. आणि तेवढ्या वेळात शरीर गप्प बसत नाही, त्या जागेवर चिकट फायब्रिनचा थर येतो, शेजारचं आतडं येऊन चिकटतं, ओमेंटम म्हणजे पोटातला चरबीचा पडदा असतो तो येऊन जागा झाकतो. त्यामुळे भोक पडेपर्यंत त्याच्यावर झाकणही बसलेलं असतं, आणि हवा मोकळी पोटात पसरतच नाही. जठराचा अल्सर फुटतो तेव्हा भोक उघडं असतं, जठरात हवाही भरपूर, म्हणून डायफ्रामखाली, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली, हवेची चंद्रकोर दिसते. ते चित्र डोक्यात ठेवून काट्याची केस बघितली तर फसगत होते. तुमच्या बाबांचं झाकण बहुतेक त्या पहाटे सुटलं, आतला पू पसरला आणि पोट कडक झालं.

उजवीकडे खाली दुखणं, ताप, पांढऱ्या पेशी, हे अपेंडिक्सशी इतकं जुळतं की अनुभवी माणूसही अपेंडिक्सच म्हणेल, कारण काटा अडकायची जागा आणि अपेंडिक्स अगदी शेजारी शेजारी आहेत. डावीकडे अडकला तर लोक डायव्हर्टिक्युलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला आलेल्या छोट्या फुगवट्यांची सूज, समजतात. माझं स्वतःचं मत असं की साठीच्या पुढच्या माणसात पहिल्यांदाच अपेंडिक्सचं दुखणं वाटत असेल आणि सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसलंच नसेल तर सिटी त्याच दिवशी करावा, उद्यावर ढकलू नये. पण तुमच्याकडे चूक झाली का हे मी इथे बसून ठरवणार नाही.

कापण्याबद्दल. भोक ताजं असेल, कडा निरोगी असतील, आजूबाजूला घाण कमी असेल तर आम्ही काटा काढतो, कडा साफ करतो आणि शिवतो, संपलं, लॅप्रोस्कोपीनेही होतं. पण चार दिवस रुतलेल्या काट्याच्या भोवतीचं आतडं ओल्या कागदासारखं झालेलं असतं, टाका घातला की तो कापत जातो. शिवलं आणि पाचव्या दिवशी फाटलं तर पुन्हा पोट उघडावं लागतं आणि त्या दुसऱ्या ऑपरेशनमधून सगळेच वाचत नाहीत. म्हणून निरोगी आतडं लागेपर्यंतचा तुकडा काढतात. १५ सेंमी ऐकायला मोठं वाटतं पण लहान आतडं मीटरमध्ये मोजायचं असतं, एवढ्याने पचनावर काही परिणाम होत नाही. अगदी शेवटचा ६० सेंमीच्या वर भाग गेला तर बी १२ शोषायची अडचण येते, ते तुमच्याकडे नाही.

आणि जोडलं का नाही, तर जोड भरून यायला रक्तपुरवठा लागतो. बीपी खाली, पोटात पू, आतडं सुजलेलं, अशा वेळी जोड गळायची भीती खूप. पिशवी लावणारा सर्जन त्या रात्री तुमच्या बाबांचा जीव आधी बघत होता. मी पण बहुधा हेच केलं असतं.

तुकडा तपासायला पाठवणं हा नियम आहे, काढलेलं आतडं आम्ही पाठवतोच. त्याला आणखी एक कारण असतं, काटा नेमका इथेच का अडकला हे बघायचं असतं. कधी तिथे आधीच टीबीमुळे किंवा क्रोन्समुळे, म्हणजे आतड्याला वारंवार सूज येणाऱ्या आजारामुळे, आतडं अरुंद झालेलं असतं, कधी गाठ असते, कधी जन्मजात मेकेलचा फुगवटा असतो. बहुतेक वेळा रिपोर्टमध्ये फक्त सूज आणि भोक एवढंच येतं. शंका आहे म्हणून पाठवलाय असं समजू नका, पण रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय फाईल बंद करू नका.

क्षकिरण:
मी रेडिओलॉजिस्ट. वरती सरांनी भोकाचं सांगितलं, मी काटा दिसण्याबद्दल लिहितो. साध्या एक्सरेवर माशाचा काटा दिसेलच असं अजिबात नाही, काही जातींचे काटे जाड नि चुनखडीसारखे असतात ते उमटतात, बरेचसे बारीक काटे पोटाच्या जाडीत हरवतात. म्हणून क्लिअर एक्सरेचा अर्थ काटा नाही असा घ्यायचाच नाही. सिटीत मात्र काटा छान दिसतो, पण त्यालाही अटी आहेत. जाड ५ मिमीच्या स्लाईस बघितल्या तर काटा दोन स्लाईसमध्ये ठिपक्यासारखा येतो आणि नजर त्यावरून निघून जाते, रक्तवाहिनी समजून. १ मिमीच्या स्लाईस घेऊन आडव्या, उभ्या, तिरक्या कोनातून फिरवून बघितलं की तोच ठिपका अचानक सरळ रेघ होतो. तोंडाने पांढरं काँट्रास्ट प्यायला दिलं असेल तर पांढऱ्यात पांढरा काटा बुडतो, म्हणून असा संशय असेल तर ते देऊ नये. आणि भोक पडल्याची शंका असताना बेरियम, म्हणजे एक्सरेसाठी पाजतात ते पांढरं द्रव, तर नकोच, ते पोटात सांडलं तर वेगळंच संकट.

रेघ दिसली नाही तरी आजूबाजूच्या खुणा असतात, आतड्याचा एक छोटासाच भाग जाड झालेला, त्याच्या बाहेरची चरबी धुरकटलेली, आणि नीट शोधलं तर त्याच जागी हवेचे दोन तीन बारीक बुडबुडे. डायफ्रामपर्यंत हवा जायची वाट बघायची नाही, हे बुडबुडेच पुरेसे.

एक गोष्ट मला मनापासून सांगाविशी वाटते. आमच्याकडे फॉर्म येतो त्यावर फक्त 'अपेंडिक्स?' असं लिहिलेलं असतं, मग आपण अपेंडिक्स शोधतो. 'कवळी आहे, मासे खातात' एवढे चार शब्द कोणी लिहिले तर मी पहिल्यापासून रेघ शोधायला बसतो. नातेवाईकांनी हे डॉक्टरांना आपणहून सांगावं, क्षुल्लक वाटलं तरी सांगावं.

लाकडी टूथपिक तर याहून अवघड, एक्सरेत दिसतच नाही आणि सिटीतही कोरडं लाकूड हवेसारखं काळं दिसू शकतं. अमेरिकन लेखक शेरवूड अँडरसन १९४१ मध्ये बोटीने प्रवासाला निघालेले असताना पोटदुखीने आजारी पडले आणि पनामात कोलोन शहरात वारले. शवविच्छेदनात आतड्याला भोक पाडलेली टूथपिक निघाली. तेव्हा सिटी नव्हता, पण आजही न सांगितलेली टूथपिक सापडणं कठीणच जातं.

वाटसरू:
ताई, तुमच्या बाबांचं चार दिवसात निदान झालं, माझं व्हायला अडीच महिने लागले म्हणून लिहितोय. मला पोटात फारसं दुखलंच नाही, फक्त ताप, थंडी वाजून यायचा, रात्री घाम, वजन ६ किलो उतरलं, सोनोग्राफीत लिव्हरच्या डाव्या बाजूला पू झालाय असं आलं. नळी घालून पू काढला, अँटिबायोटिक दिली, बरं वाटलं, घरी गेलो, तीन आठवड्यांनी परत ताप. परत नळी, परत अँटिबायोटिक, परत तेच. प्रत्येक वेळी विचारायचे दारू पिता का, शुगर आहे का, बाहेरचं पाणी प्यायलात का, मला कशाचंच हो म्हणता येत नव्हतं. तिसऱ्यांदा जे डॉक्टर भेटले ते म्हणाले लिव्हरचा पू डाव्या बाजूला आहे, त्याच जागी परत परत येतोय आणि कारण सापडत नाहीये, म्हणजे आत काहीतरी बसलंय. त्यांनी जुना सिटी परत उघडायला लावला आणि त्यात बारीक रेघ होती, पहिल्या सिटीतही होती. काटा जठराच्या खालच्या टोकाकडून भिंत भेदून शेजारच्या लिव्हरमध्ये गेला होता आणि जठराचं भोक केव्हाच भरून आलं होतं, म्हणून पोट कधी कडक झालंच नाही. दुर्बिणीने काढला, साधारण ४ सेंमीचा. त्यानंतर ताप आलेला नाही.

पू काढत राहिले आणि काटा आतच राहिला तर औषधाने कितीही बरं वाटलं तरी ते परत येतं, हे मी शरीराने शिकलोय. कोणाला असा विनाकारण लिव्हरचा पू होत असेल तर जुने स्कॅन नव्या नजरेने बघायला सांगा.

ओंजळ:
सगळ्यांचे किती आभार मानू. डॉक्टर, तुमचं उत्तर मी भावाला वाचून दाखवलं, त्याला वाटत होतं उगाच कापलं, तो आता शांत झालाय. क्षकिरण, तुम्ही म्हणता ते चार शब्द आम्ही कोणीच सांगितले नव्हते, कोणी विचारलेही नव्हते.

आता नवीन काळजी. आज सहावा दिवस, संध्याकाळी ताप १०१ आला. आणि अँटिबायोटिक कालच बंद केलंय, मला वाटतं ते लवकर बंद केलं. पिशवीत दिवसाला साधारण १८०० मिली पातळ पडतंय, बाबांना तहान खूप लागते म्हणून आम्ही भरपूर पाणी देतोय. हे नॉर्मल आहे का?

रात्रपाळीचा सर्जन:
ताई, हे दोन्ही आजच राऊंडला सांगा, उद्यापर्यंत थांबू नका.

पोटातली घाण मुळापासून काढली गेली असेल तर अँटिबायोटिक ४ ते ५ दिवसच पुरतं, जास्त दिवस दिल्याने फायदा होत नाही हे आता चांगलं सिद्ध झालंय. त्यामुळे बंद करणं चूक नाही. पण पाचव्या ते सातव्या दिवसाचा ताप आम्ही कधीच हलक्यात घेत नाही. आधी जखम बघतात, लाल आहे का, दाबल्यावर पू येतो का. मग छाती, लघवी, हातातली सलाईनची सुई. यात काही सापडलं नाही तर पोटात कुठे पू साठलाय का यासाठी पुन्हा सिटी. साठला असेल तरी घाबरू नका, बहुतेक वेळा सोनोग्राफी किंवा सिटीवर बघून बाहेरून नळी घालून काढता येतो, पोट परत उघडायची वेळ फार कमी वेळा येते. दम लागणं, नाडी सारखी १२० च्या वर, लघवी कमी होणं, गुंगी यातलं काही दिसलं तर लगेच नर्सला बोलवा.

पिशवीचं १८०० जास्त आहे. १५०० च्या वर गेलं की मीठ आणि पाणी दोन्ही शरीरातून जातं, किडनीवर ताण येतो. आणि साधं पाणी भरपूर पाजलं तर उलट वाढतं, कारण साधं पाणी आतड्यात मीठ ओढून घेऊन बाहेर पडतं. ओआरएससारखं मीठ साखर असलेलं पाणी चांगलं, साधं पाणी मोजून. रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन आज तपासायला सांगा. पिशवी धीमी करायची औषधंही असतात पण पोटात पू नाही ना हे बघूनच द्यायची, तुमच्या मनाने काही देऊ नका.

चिमणी:
इथेच विचारते, चालेल ना. आमच्या ७ वर्षांच्या मुलीने काल टाचणी गिळली, तोंडात धरून खेळत होती. एक्सरेत जठरात दिसतेय, ती खेळतेय, जेवायला मागतेय, काही दुखत नाही. डॉक्टर म्हणतात आजच एंडोस्कोपी करून काढू. घरचे म्हणतात आपोआप पडून जाईल, एवढ्याशा पोरीला भूल कशाला द्यायची. आणि वरचं सगळं वाचून मला आता झोप येणार नाही.

रात्रपाळीचा सर्जन:
चिमणीताई, डॉक्टरांचं ऐका, आज काढून घ्या, आणि तोपर्यंत तिला काहीही खायला प्यायला देऊ नका, भूल द्यायला पोट रिकामं लागतं. घरच्यांचं अर्धं खरं आहे. गिळलेल्या १०० वस्तूंपैकी ८० ते ९० आपोआप निघून जातात, १० ते २० दुर्बिणीने काढाव्या लागतात आणि ऑपरेशन लागतं ते साधारण एकाला. टाचण्यासुद्धा बऱ्याचदा निघून जातात, आतड्याला टोक टोचलं की भिंत तिथे मागे सरते आणि वस्तू हळूच फिरून बोथट बाजू पुढे करून जाते, शरीराची ही सोय मला आजही थक्क करते. पण हा आकडा नाणी, मणी सगळं धरून आहे. टोकदार वस्तूंमध्ये भोक पडायचं प्रमाण कितीतरी जास्त. आणि टाचणी आत्ता जठरात आहे म्हणजे हाताला लागतेय, जठरातली टोकदार वस्तू २४ तासांच्या आत काढायची असते. एकदा लहान आतड्यात खोल उतरली की साधी दुर्बीण पोचत नाही, मग रोज एक्सरे काढून ती पुढे सरकतेय का बघत बसायचं. तीन दिवस एकाच जागी राहिली तर ऑपरेशनचा विचार, आणि मध्येच दुखायला लागलं, ताप आला, उलट्या झाल्या तर तीन दिवसही थांबायचं नाही. थोड्या वेळाच्या भुलीपुढे हे सगळं फार मोठं आहे.

उलटी करवू नका, जुलाबाचं औषध देऊ नका. काढायच्या अगदी आधी परत एक एक्सरे घेतील, ती अजून जठरातच आहे ना हे बघायला, तो टाळू नका.

आणि हे वाचणाऱ्या सगळ्या आईबापांसाठी, टाचणीपेक्षा मला दोन गोष्टींची जास्त भीती वाटते. एक बटण बॅटरी, ती अन्ननलिकेत अडकली तर ओल्या भिंतीतून करंट वाहतो, तिथे अल्कली तयार होतं आणि २ तासांत भाजल्यासारखी खोल जखम होऊ शकते. एक्सरेत ती नाण्यासारखीच गोल दिसते, नीट बघितलं तर कडेला दुहेरी वर्तुळ असतं, म्हणून 'नाणं आहे, बघू उद्या' असं करायचंच नाही. दुसरं म्हणजे मॅग्नेट. एक गिळला तर बहुतेक वेळा निघून जातो, दोन किंवा जास्त गिळले, किंवा एक मॅग्नेट आणि एक लोखंडी वस्तू गिळली, तर आतड्याच्या दोन वेगळ्या वळणांतून ते एकमेकांना ओढून घेतात, मधली भिंत चिमटीत सापडते, रक्त बंद होतं आणि दोन्हीकडे भोक. मूल पहिले एक दोन दिवस हसत खेळत असतं. दोन मॅग्नेट चिकटून एकच दिसू शकतात म्हणून एक्सरे दोन बाजूंनी काढायला सांगा.

संथ:
ओंजळ, मी पिशवीबद्दल लिहिते कारण ते डॉक्टर लोक दोन ओळीत संपवतात आणि घरच्यांचं आयुष्य मात्र त्याच्याभोवती फिरतं. माझ्या सासऱ्यांना ११ आठवडे होती, त्यांच्या आतड्याला कोंबडीच्या हाडाच्या तुकड्याने भोक पडलं होतं. लहान आतड्याच्या पिशवीतलं पाणी कातडीला जाळतं, मळापेक्षा कितीतरी जास्त, कारण त्यात पाचक रस असतात. म्हणून पिशवीची जी चकती कातडीला चिकटते तिचं भोक स्टोमाच्या, म्हणजे पोटावर बाहेर काढलेल्या आतड्याच्या तोंडाच्या, मापाचंच कापायचं, मोठं नाही, आणि पहिल्या महिनाभरात स्टोमाची सूज उतरते तसं माप बदलतं, दर आठवड्याला परत मोजायचं. चकती लावायच्या आधी कातडी पूर्ण कोरडी पाहिजे. खाली जळजळ होतेय असं ते म्हणाले की पिशवी गळायची वाट न बघता काढून बघायची. एक तृतीयांश भरली की रिकामी, त्याहून जास्त भरू दिली तर वजनाने सुटते, आणि नेमकी रात्री सुटते.

सासरे पण तोंड फिरवायचे. आम्ही जबरदस्ती केली नाही. एक दिवस नर्सताईंनी त्यांच्याच हातात कात्री दिली, म्हणाल्या काका तुम्ही चकती कापा, माझं माप चुकतंय. त्यांनी चष्मा मागितला, दोनदा मोजून बरोबर कापली. त्या दिवसापासून स्वतः करायला लागले.

बंद करायचं ऑपरेशन लगेच मागू नका. आम्हाला चौथ्या आठवड्यातच घाई झाली होती तेव्हा सर्जननी समजावलं की आत्ता आत सगळं चिकटलेलं आणि नाजूक असतं, ८ ते १२ आठवडे गेले, वजन नि रक्त सुधारलं की तेच काम सोपं होतं. आमचं झालं, सहाव्या दिवशी घरी आले.

ओंजळ:
अपडेट देतेय. ताप जखमेचा होता. खालचे तीन टाके उघडले, पू निघाला, आता रोज ड्रेसिंग करतात आणि जखम आतून भरत येईल म्हणाले. सिटी केला, पोटात पू नाही. सोडियम कमी होतं, सलाईन आणि ओआरएसवर आलंय, पिशवी काल ९०० होती. बायोप्सीचा रिपोर्ट आज मिळाला, भोक आणि सूज, गाठ नाही, टीबी नाही. मी तो रिपोर्ट तीनदा वाचला.

सर्जननी काटा छोट्या बाटलीत ठेवलाय. बाबांनी तो आज पहिल्यांदा बघितला, बाटली उजेडाकडे धरून बराच वेळ बघत होते, एका टोकाला अगदी बारीक, दुसऱ्या टोकाला थोडा वाकलेला. मग म्हणाले, हा माझ्या तोंडात आला आणि मला कळलंच नाही. नंतर स्वतःहून विचारलं की पिशवी कधी बदलायची असते. संथ, उद्या सकाळी चकती त्यांच्याच हातात देणार आहे.

चिमणी:
टाचणी निघाली. पाऊण तासात खोलीत परत आली, आता झोपलीय. आभार.